अर्लीनला राग येईल असा सौदा

आमच्या चर्चच्या तळघरात एक फळा आहे. खरं तर तो बिंगोसाठी आणलेला, पण फेब्रुवारी संपत आला की एप्रिलअखेरपर्यंत त्याच्यावर बिंगोचा आकडा लिहायची कुणाची छाती नाही. तेवढे दिवस तो फुटबॉलचा, म्हणजे आमच्या अमेरिकन, हाताने चेंडू फेकायच्या फुटबॉलचा. ईस्टरच्या आधीच्या उपासकाळातल्या दर शुक्रवारी मी मागे कढईसमोर उभा राहून मासे तळतो, बायका पिरोही, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकडतात, आणि जेवून उठलेला प्रत्येक बाप्या तेलकट हात पँटला पुसत फळ्यापाशी जातो आणि खडूने आपला अंदाज लिहितो. आपली टीम यंदा कुठला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा गडी, आणणार, कुणाला हाकलणार, ड्राफ्टमधला आपला नंबर स्वतः वापरणार की दुसऱ्या टीमला देऊन बदल्यात काही पदरात पाडून घेणार. खाली सही. ज्याचा अंदाज खरा ठरेल त्याला पुढच्या वर्षी सगळे शुक्रवार मासे फुकट.

ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून सुटलेल्या चांगल्या पोरांची वाटणी. ती फेऱ्याफेऱ्यांनी होते, आणि गेल्या हंगामात जी टीम सगळ्यात जास्त हरली तिला प्रत्येक फेरीत सगळ्यांच्या आधी उचलायला मिळतं. आमचा नंबर बहुतेक वर्षी पहिल्या पाचांत असतो, त्यावरून काय ते समजा. माझा बाप या टीमच्या विजेतेपदाची वाट बघत गेला. मी बहात्तर वर्षांचा आहे आणि मीही तसाच जाणार, यात मला काडीची शंका नाही. तीस वर्षांत आमच्याकडे सव्वीस क्वार्टरबॅक येऊन गेले. कुणाचा खांदा निखळला, कुणाचा गुडघा, एकाला इथली थंडी मानवेना म्हणून तो नोव्हेंबरमध्येच आजारी पडला. तरी दर मार्चमध्ये आम्ही त्या फळ्यापुढे जमतोच. दुसरं करणार काय? पोलादाचा कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली, आणि सरोवरावरून जो वारा येतो त्यात घराबाहेर पडायला काहीतरी कारण लागतं.

या फळ्याचा राजा होता एमिल ओराव्हेक. कारखान्यात तो उंचावरची क्रेन चालवायचा, उकळत्या पोलादाची पातेली इकडची तिकडे न्यायचा, आणि तीस वर्षांत त्याने थेंब सांडू दिला नाही असं लोक सांगत. बोलायचा कमी. शुक्रवारी यायचा, जेवायचा, फळ्यावर एक ओळ लिहायचा आणि दोन जणांचं जेवण बांधून घेऊन घरी जायचा. त्याची ती एक ओळ म्हणजे दगडावरची रेघ. एका वर्षी त्याने लिहिलं की टीम तिसऱ्या नंबरवरून मुद्दाम नवव्यावर सरकेल आणि तिथे एक डावखुरा, बुटका पोरगा उचलेल. सगळे हसले. सात आठवड्यांनी अक्षरशः तसंच झालं, आणि तो बुटका पोरगा आम्ही पाहिलेल्या सव्वीसांतला एकमेव बरा निघाला. एकोणीस वर्षांत एमिलने अकरा वेळा फुकट मासे खाल्ले. मी स्वतः तळून वाढलेत, मला माहीत आहे.

मग दोन वर्षांपूर्वी त्याचं काहीतरी बिघडलं. तो फळ्यावर असलं काही लिहायला लागला की शाळकरी पोरानेही लिहू नये. आम्हाला वाटलं, म्हातारपण. सत्त्याहत्तरीला आला होता. इर्व साबोला मात्र हे सहन होईना. इर्व कारखान्यात त्याच्या हाताखाली होता, आणि ज्याला आपण मानलं त्याची घसरण बघून काही माणसांना दुःखाऐवजी रागच येतो. इर्व त्यातला.

यंदाच्या उपासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी एमिलने लिहिलं: यंदाचा आणि पुढच्या वर्षीचा, दोन्ही पहिल्या फेरीतले नंबर देऊन एकोणचाळीस वर्षांचा क्वार्टरबॅक हॅलोरन याला घेतील.

"एमिल," इर्व हॉलच्या या टोकावरून ओरडला, "लेका, डोकं क्रेनवरच विसरून आलास का?"

"का? काय झालं?"

"काय झालं! अरे, हॅलोरनला स्वतःच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकता येत नाही! त्याच्यासाठी यंदाचं आणि पुढच्या वर्षीचं, दोन्ही पोरं घालवायची?"

"राग आला तुला?" एमिलने विचारलं.

"राग? डोक्यात तिडीक गेलीय माझ्या."

"म्हणजे किती? ताट फेकावंसं वाटतंय?"

"तुझ्या तोंडावर!"

एमिलने समाधानाने मान हलवली. खिशातून कागदाचा तुकडा काढला, पेन्सिलने काहीतरी टिपलं आणि कोट चढवून निघून गेला. शेजारी बसलेला एफ्रेन, आमचा न्हावी, माझ्याकडे बघून बोट कपाळाशी फिरवत म्हणाला, "गस, गेला हा कामातून." माझं लक्ष टेबलाकडे होतं. एमिल आपलं बांधलेलं जेवण तिथेच विसरला होता.

कढई इर्वच्या पुतण्याच्या हवाली केली आणि मी गाडी काढली. ओराव्हेकांचं घर चार गल्ल्या पलीकडे. आमच्याकडे मागच्या दाराने जायची रीत आहे, पुढच्या दाराने येतात ते विमेवाले आणि पोलीस. मागचं दार अर्धवट उघडं होतं. मी हाक मारणार तेवढ्यात आतून एमिलचा आवाज आला म्हणून थांबलो.

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी अर्लीन बसली होती. त्याची बायको. बऱ्याच दिवसांत ती दिसली नव्हती. डोकं जरा इकडेतिकडे होतंय असं कानावर होतं, पण आमच्या वयात ते कुणाबद्दल कानावर नसतं? ती एक कागदी रुमाल घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घडी घालत होती. एमिल तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला होता. कोटही काढला नव्हता.

"अर्लीन, बातमी ऐकलीस का? आपण हॅलोरनला घेतोय."

रुमाल थांबला नाही.

"दोन पहिल्या फेरीतले नंबर देऊन. यंदाचा आणि पुढचा."

रुमाल थांबला. "कुणाला?"

"हॅलोरनला."

"तो एकोणचाळीस वर्षांचा आहे," अर्लीन म्हणाली. मग तिने मान वर केली आणि मी जिथे होतो तिथेच खिळलो, कारण ही माझ्या ओळखीची अर्लीन होती. "दोन नंबर? एमिल, तुझ्या डोक्यात भुसा भरलाय का? आपल्या डाव्या बाजूला अडवायला कोण आहे, सांग ना! त्या म्हाताऱ्याला चेंडू टाकायला चार सेकंद लागतात, आपली अडवणाऱ्यांची फळी दोन सेकंदांत फुटते. ऑक्टोबर उजाडायच्या आत त्याला स्ट्रेचरवर घालून नेतील, आणि तू काय करशील, एमिल ओराव्हेक? तू पिरोही गिळत म्हणशील, नशीब खराब! नशीब नाही खराब, अक्कल खराब! आधी फळी बांध, मग क्वार्टरबॅक आण. किती वेळा सांगायचं तुला?"

"पण त्याला अनुभव आहे," एमिल म्हणाला. लहान मुलाला दूध पाजताना आई जशी चमच्याकडे बघते तसा तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

"अनुभव माझ्या आजीलाही होता!"

मग तिची नजर माझ्यावर गेली. "गस, दारात काय उभा? ये ना. बघ माझा नवरा. चाळीस वर्षं शिकवतेय, काही उपयोग नाही." मी आत गेलो, मासे टेबलावर ठेवले. तिने डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि तेवढ्या वेळात तिच्या चेहऱ्यावरचं ते सगळं ओसरून गेलं. "हे कुणाचं आहे?" तिने विचारलं. मग रुमाल हातात घेतला.

एमिलने घड्याळ बघून कागदावर लिहिलं: चार मिनिटं.

आम्ही मागच्या पायरीवर उभे राहिलो. वारा असा की बोललेलं कानापर्यंत पोचेना, आणि मला वाटतं त्याला ते बरंच होतं.

"फळ्यावरचं सगळं तिचं होतं, गस," तो म्हणाला. "अकराच्या अकरा वर्षं. माझं नुसतं अक्षर."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. अर्लीनचा बाप आमच्या हायस्कूलच्या टीमचा कोच होता. ती बारा वर्षांची असताना मैदानाच्या बाजूच्या छपरावर चढून, हातमोजे घालून, कॅमेऱ्याने सामने टिपायची हे गावात सगळ्यांना माहीत होतं. रविवारी बापलेक ती फिल्म भिंतीवर लावून पुढेमागे करत बघायचे. एवढं सगळं माहीत असून एकोणीस वर्षांत आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. फळा पुरुष मंडळाचा. बायका पलीकडे पिरोही उकडतात. बायकांत असताना ती तिथल्या खिडकीतून फळा वाचत असणार आणि मनातल्या मनात आम्हाला हसत असणार.

"दिवसभर मी तिच्यासाठी कुणीच नसतो," एमिल म्हणाला. "काल मला नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजली. पैसे किती झाले विचारत होती. पण असा एखादा गाढवपणाचा सौदा सांगितला की भडकते. आणि भडकली की मी एमिल असतो. शिव्या देते, पण नाव घेऊन देते रे."

त्याची मुलगी डेनीस फिनिक्सला राहते. आईला हायवेजवळच्या वृद्धांच्या होममध्ये ठेवा म्हणून ती वर्षभर त्याच्या मागे लागली होती, आणि तिचं चुकत नव्हतं. अर्लीन दोनदा रस्त्यावर सापडली होती, एकदा अनवाणी. शेवटी एमिलने लेकीला शब्द दिला होता: आई मला ओळखते तोवर घरी. ज्या दिवशी ओळखणार नाही त्या दिवशी तू ये, मी कागदावर सही करतो.

"हे कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

मंगळवारपर्यंत मी ते इर्व आणि एफ्रेन दोघांना सांगून मोकळा झालो. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि खरं सांगायचं तर एकट्याने ते बाळगणं मला झेपत नव्हतं. इर्वने टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याने शुक्रवारी एमिलला काय काय म्हटलं होतं ते त्याला आठवत असावं. मग म्हणाला, "म्हणजे त्याला अस्सल वाईट सौदे हवेत." एमिलला ते जाऊन सांगितलं तेव्हा तो आधी माझ्यावर उखडला. मग इर्वला म्हणाला, "तुझ्याकडे आहे का एखादा?"

त्या दिवसापासून आमचा कारखाना सुरू झाला. दर शुक्रवारी जेवणं आटपली की आम्ही चौघं कोपऱ्यातल्या टेबलावर बसून टीमचं वाटोळं करायचे मार्ग शोधायचो. आयुष्यात इतकं मन लावून आम्ही कधी टीमचं भलंही चिंतलं नव्हतं. दोन गोष्टी लवकरच ध्यानात आल्या. एक म्हणजे नुसता वेडेपणा चालत नाही. एफ्रेनने सुचवलं, सांग तिला, क्वार्टरबॅक म्हणून फादर मिहाल्कोंना घेतलंय. एमिलने सांगितलं. अर्लीन भडकली तर नाहीच, उलट घाबरली. एमिलच्या चेहऱ्याकडे टकामका बघत राहिली, आपण काय विसरलो ते तिथे सापडेल अशा आशेने. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मूर्खपणा असा हवा की आमच्या टीमचा मालक तो खरोखर करू शकेल. मालकाच्या बाबतीत ती मर्यादा बरीच ऐसपैस होती म्हणा.

दुसरी गोष्ट म्हणजे तिला क्वार्टरबॅकपेक्षा फळीचा राग जास्त येतो. तेव्हा इर्वने शोधून काढलं: आपला एकमेव धड उभा राहणारा अडवणारा गडी देऊन टाकायचा आणि बदल्यात लाथ मारून गोल करणारा एक किकर घ्यायचा, वर पहिल्या फेरीतला नंबरही द्यायचा. तिसऱ्या शनिवारी सकाळी एमिलचा फोन आला. हसत होता. "चमचा फेकून मारला तिने! किकर म्हणाली, किकर! कोचची मुलगी आहे मी, घरात हा शब्द काढू नकोस म्हणाली. सहा मिनिटं, गस. शेवटी शेवटी तर मला म्हणाली, लग्नाच्या वेळी बापाने बजावलं होतं, हा पोरगा चांगला आहे पण याला खेळ कळत नाही."

"मग का केलंस लग्न, विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाली, कुणीतरी ऐकून घेणारा हवा होता."

ती सहा मिनिटं सगळ्यात जास्त. त्यानंतर उतरण लागली. चौथ्या आठवड्यात तीन मिनिटं. पाचव्यात, आमच्या मते सगळ्यात जहरी सौदा होता, दीड. एमिल कागद आमच्यापुढे टेबलावर ठेवायचा आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघायचं टाळायचो. इर्व घरी रात्रीची झोप घालवून सौदे रचायला लागला. रेडिओवर ज्या कार्यक्रमात लोक फोन करून टीमला शिव्या घालतात, तो कार्यक्रम तो वही घेऊन ऐकायचा. एफ्रेन दाढी करायला आलेल्या प्रत्येकाला विचारायचा, "काय केलं तर तुम्हाला सगळ्यात जास्त राग येईल?" लोक भरभरून सांगायचे. आमच्या गावात त्या मालाची टंचाई नाही.

गुड फ्रायडेला एमिल हॉलमध्ये आला आणि ताट न घेताच बसला. कागद काढला नाही.

"काय म्हणाली?" इर्वने विचारलं.

"म्हणाली, असं? आणि रुमालाची घडी घालायला लागली."

"पण नाव घेतलं ना तुझं?"

"सकाळी घेतलं होतं एकदा," एमिल म्हणाला. ते खरं होतं की नाही कुणास ठाऊक. मी त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि मासे थंड होईपर्यंत तो त्यांच्याकडे बघत राहिला.

तिला हॉलमध्ये आणायची कल्पना इर्वची. त्याला मी दोष देत नाही, मला त्या वेळी ती पटली होती. ड्राफ्टच्या दिवशी संध्याकाळी आम्ही तळघरात मोठा टीव्ही लावतो, शंभरेक माणसं जमतात. इर्वचं म्हणणं असं: एकट्या एमिलच्या तोंडून ऐकून तिला काही वाटत नसेल, पण एवढी माणसं एकदम पेटलेली पाहिली तर तीही पेटेल. आमची टीम काहीतरी घाण करणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी आमची टीम आम्हाला कधी निराश करत नाही, म्हणजे निराश करतेच करते. "औषध दुकानातलं नको आता, थेट कारखान्यातलं," इर्व म्हणाला. एमिलने होय म्हटलं. डेनीसचा फोन त्या आठवड्यात तीनदा येऊन गेला होता.

यंदा आमचा नंबर दुसरा होता, आणि एकदाचं देवाने बघितलं असं सगळ्यांना वाटत होतं. नेब्रास्काचा टॉलिव्हर नावाचा पोरगा. उंच, शांत, खांदा असा की चेंडू सुतळीने बांधल्यासारखा सरळ जायचा. पहिला नंबर असलेल्या टीमकडे क्वार्टरबॅक होता, म्हणजे टॉलिव्हर आमचाच. फळ्यावर एकतीस अंदाज होते आणि त्यातले अठ्ठावीस टॉलिव्हर. एमिलने या वर्षी पहिल्या शुक्रवारनंतर काहीच लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी आठच्या सुमारास तो अर्लीनला घेऊन आला. निळा कोट, केस नीट विंचरलेले. पुरुष मंडळाच्या ड्राफ्टला पहिल्या रांगेत बाई बसलेली आम्ही प्रथमच पाहत होतो, पण कुणी ब्र काढला नाही, इर्वने सगळ्यांना आधीच दम दिला होता. मी तिला केक आणून दिला. तिने मला सुंदर हसून "थँक यू" म्हटलं. मी गस आहे हे तिला कळलं की नाही ते मी विचारलं नाही.

पहिल्या नंबरने एक अडवणारा गडी उचलला. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. टॉलिव्हर आपला! फादर मिहाल्कोसुद्धा उभे राहिले. आमच्या टीमच्या नावापुढचं घड्याळ चालू झालं, आणि मग थांबलं. मंचावर माणूस आला आणि म्हणाला की एक सौदा झाला आहे.



आमच्या टीमने दुसरा नंबर देऊन टाकला होता. पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबर देऊन टाकला होता. त्याच्या पुढच्या वर्षीचाही. बदल्यात घेतला होता ब्रॅनिगन. सदतीस वर्षांचा, खांद्याची दोन ऑपरेशनं झालेला ब्रॅनिगन, जो गेल्या हंगामात सगळे मिळून पाच सामने खेळला होता. आम्ही चौघांनी आठ आठवडे जिवाचा आटापिटा करून जे जे रचलं, त्यातलं एकही याच्या पासंगाला पुरलं नसतं. आम्हाला तेवढी हिंमतच झाली नव्हती.

क्षणभर कुणालाच ते खरं वाटलं नाही. मग छप्पर उडालं. खुर्च्या पडल्या. एफ्रेन स्पॅनिशमध्ये काहीतरी ओरडत होता, पोस्टातला एक शांत माणूस, ज्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, तो फळ्याकडे धावला आणि त्याने दोन्ही हातांनी सगळे टॉलिव्हर पुसून टाकले. फादर खाली बसले आणि त्यांनी डोळे झाकून घेतले. शंभर माणसांत एकच माणूस आनंदात होता. एमिलचा चेहरा उजळला होता. त्याच्या हातात त्याच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट सौदा आला होता, खराखुरा, टीव्हीवरचा, आणि तो घेऊन तो अर्लीनसमोर गुडघ्यावर बसला.

हळूहळू लोक गप्प झाले. इर्वने हात वर करून करून त्यांना गप्प केलं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"अर्लीन, ऐकलंस का?" एमिल म्हणाला. "ब्रॅनिगनसाठी तीन नंबर दिले. तीन! टॉलिव्हर गेला."

अर्लीनने तोंडातला घास संपवला. "किती छान," ती म्हणाली.

"छान नाही, अर्लीन. तीन पहिल्या फेऱ्या. त्याच्या खांद्याची दोन ऑपरेशनं झालीत."

"अरेरे. बिचारा."

"आणि आपली फळी? डाव्या बाजूला कोण आहे? कोणीच नाही. तूच सांगतेस ना, आधी फळी बांध? सांग ना त्यांना. सांग, अर्लीन. दोन सेकंदांत फुटते ना आपली फळी?" त्याचा आवाज चढत होता. तिचे शब्द तो एकेक करून तिच्यापुढे ठेवत होता, आणि ती नम्रपणे ऐकत होती, पाहुण्याचं ऐकावं तसं. शेवटी त्याच्याकडचे शब्द संपले.

तिने केकची ताटली बाजूला ठेवली आणि त्याच्या हातावर हलकेच थोपटलं.

"तुम्हाला या खेळाची फार आवड दिसते," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याची आणि तुमची गाठ घालून दिली पाहिजे. कळत त्याला काही नाही, पण माणूस चांगला आहे."

इर्वने भिंतीकडे तोंड केलं.

"कुठे असतो तो?" एमिलने विचारलं.

"कामावर गेलाय. येईलच इतक्यात." तिने जिन्याकडे पाहिलं. "तुम्हाला घाई आहे का?"

"नाही," एमिल म्हणाला. "थांबतो मी."

गुडघ्यावर हात टेकून तो कसाबसा उठला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. टीव्हीवर आमचा दुसरा नंबर घेतलेल्या टीमने टॉलिव्हरला उचललं, त्याच्या डोक्यावर टोपी घातली, त्याची आई रडत होती. कुणीतरी जाऊन तो बंद केला. माणसं एकेक करून कोट घालून निघाली, जाताना एमिलच्या खांद्याला हात लावत होती, अर्लीनला मान लववत होती, आणि ती प्रत्येकाला "पुन्हा या" म्हणत होती. मी ताटल्या गोळा करत त्यांच्यापाशी आलो तेव्हा एमिलने माझ्याकडे न बघता खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला.

"गस," तो म्हणाला, "डेनीसला तू सांग. मला नाही सांगता येणार."

मी जिन्याच्या पायरीवर बसलो आणि नंबर लावला.